फाटकाबाहेरची सायकल

पहाटे साडेपाचला चर्चची घंटा होते, तेव्हा समोरच्या रस्त्यावरून सायकलींची रांग चाललेली असते. सात वाजता तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुरू होते आणि त्याआधी ही माणसे आपापल्या कारखान्याच्या फाटकाशी पोहोचायला हवीत. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरला करकचून बांधलेला रेनकोट. पुढे दिवा नाही, मागे लाल काचही नाही. घंटा कानी पडताच त्यांतला एखादा हँडलवरचा हात सोडून क्रुसाची खूण करतो आणि पुन्हा पेडल मारू लागतो. कित्येक वर्षे हे दृश्य आम्ही पाहत आलो. त्या माणसाच्या श्रद्धेचे आम्हांला कौतुक वाटे. त्याच्या सायकलीकडे मात्र आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

ते गेले एका पावसाळ्यात. डहाणूकडचा एक आदिवासी तरुण आमच्या धर्मग्रामात पत्नी आणि दोन मुलांसह भाड्याच्या खोलीत राहतो. दुसरी पाळी रात्री अकराला सुटली. पाऊस कोसळत होता, रस्त्यावर दिवे नव्हते. मागून आलेल्या टँकरला वाट देण्यासाठी त्याने सायकल कडेला घेतली. ती कड खचलेली होती. सायकलीसकट तो गटारात पडला आणि मांडीचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो, तेव्हा वेदनांनी कळवळत असतानाही त्याने विचारले, “फादर, माझी सायकल कुणी उचलून आणली का?” ती सायकल गेली तर बरा झाल्यावरही कामावर जायचे कसे, ही त्याची चिंता होती.

त्याच्याजवळ राज्य कामगार विम्याचे कार्ड होते, एवढे भाग्य. पण कारखान्याच्या कचेरीतून जे कागद गेले त्यांत हे साधे आजारपण म्हणून नोंदले गेले. अपघात फाटकाबाहेर झाला, तेव्हा त्याचा कामाशी काय संबंध, असा तिथल्या कारकुनाचा सरळ समज होता, आणि खरे सांगायचे तर आमचाही तोच समज होता. आमच्या धर्मग्रामातील एक वकील कामगार न्यायालयात काम करतात. त्यांनी आम्हांला जागे केले. २०१० साली राज्य कामगार विमा कायद्यात सुधारणा झाली आणि घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात, वेळ, जागा व काम यांचा परस्परसंबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात मानावा असे ठरले. आजारपण म्हणून नोंद झाली तर सरासरी रोजगाराच्या ७० टक्के मिळायचे, तेही ठरावीक दिवसांपुरते. कामावरील दुखापत म्हणून झाली तर ९० टक्के, आणि माणूस कामाला लायक होईपर्यंत. ज्या घरात महिनाअखेरीस तांदळाचा डबा खरवडावा लागतो, त्या घराला या वीस टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाळीची हजेरी, डॉक्टरांचा दाखला, दोन सोबत्यांची साक्ष असे सारे जमवून फेरअर्ज केला आणि तो मान्य झाला.

पुढे २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. आपल्याच राज्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला असता वाटेत अपघातात मरण पावला होता. ती वाट कामाचाच भाग होती, हे त्याच्या कुटुंबाला बावीस वर्षांनी ऐकायला मिळाले. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यालाही न्यायालयाने तोच अर्थ लावला. ही बातमी वाचली त्या रात्री आमच्या मनात एकच विचार घोळत राहिला. कामगाराची वाट हा त्याच्या कामाचा भाग आहे असे कायदा म्हणतो, तर मग ती वाट ही मालकाचीही काळजी असायला नको का? आणि माणूस पडल्यावर भरपाई देण्याइतकीच ती काळजी असावी, की तो पडू नये इथवर ती पोहोचावी?

सेमिनरीत असताना आम्हांला जोसेफ कार्डिन यांचे चरित्र शिकवले गेले होते. १८८२ साली बेल्जियममध्ये जन्मलेले हे धर्मगुरू. सुट्टीत सेमिनरीतून घरी आले, तेव्हा कारखान्यांत लागलेले त्यांचे शाळासोबती त्यांच्याशी परक्यासारखे वागू लागले. हा आता आपला राहिला नाही, असे त्या मुलांना वाटले. ती जखम कार्डिन यांनी आयुष्यभर जपली आणि १९२५ साली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी केली. १९६५ साली ते कार्डिनल झाले. त्यांची रीत तीन शब्दांची होती: पाहा, पारखा, कृती करा. १९६१ च्या आपल्या परिपत्रकात पोप तेविसावे जॉन यांनी ही रीत साऱ्या ख्रिस्तसभेपुढे ठेवली. परीक्षेपुरती आम्हीही ती पाठ केली होती. आता मात्र ती वापरून पाहण्याची वेळ आली.

पाहायचे म्हणजे खिडकीतून नव्हे. पुण्यात शिकत असताना वापरलेली आमची जुनी सायकल कोठीत धूळ खात पडली होती. ती दुरुस्त करून घेतली आणि आठवडाभर पाळीच्या वेळी आम्ही वसाहतीत जाऊन आलो. पास्थळकडून, सालवडकडून, सरावलीकडून येणारी माणसे भेटली; पालघरच्या बाजूने उमरोळीहून येणारे दोघे भेटले. उत्तर प्रदेशातले, बिहारातले, ओडिशातले तरुण तर कितीतरी. पन्नाशी उलटलेल्या आमच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी तक्रार केली, पण डोळ्यांना जे दिसले ते मोटारीतून कधी दिसले नसते. रस्त्याच्या कडेला टँकर नि ट्रक उभे असतात, म्हणून सायकलवाल्याला भर रस्त्यात यावे लागते, आणि भर रस्त्यात आला की मागचा भोंगा त्याला कडेला ढकलतो. फाटकाशी पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. साहेबांच्या मोटारी आत छपराखाली, मोटारसायकली आत उन्हात, आणि सायकली बाहेर कुंपणाच्या तारेला साखळीने बांधलेल्या. “सायकल आत घ्यायची ऑर्डर नाही, फादर,” वॉचमन ओशाळून म्हणाला. तो स्वतःही सायकलीनेच येत होता.

लोक बोलू लागले. पाळी सुटल्यावर बाहेर यावे तर कधी चाकातली हवा गेलेली, कधी सीट नाहीशी झालेली, कधी अख्खी सायकलच. वाटेत साखळी पडली म्हणून सात मिनिटे उशीर झालेल्या एकाचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला होता. भिजलेले कपडे वाळत घालायला आत खुंटी नाही, म्हणून तेच अंगावर ठेवून आठ तास काढायचे. पॅकिंगमध्ये काम करणारी एक बाई म्हणाली, “रिक्षाला जाता-येता चाळीस रुपये जातात, फादर. दिवे असते तर मी पण सायकल घेतली असती. अंधारात भीती वाटते.” सव्वीस दिवसांचे चाळीसप्रमाणे एक हजार चाळीस रुपये होतात. एवढी रक्कम ती बाई दर महिन्याला केवळ अंधारापोटी मोजत होती.

साऱ्या तक्रारी वहीत उतरवून एकत्र केल्या, तेव्हा यादी फार मोठी झाली नाही. फाटकाच्या आत छपराची जागा. सायकल बांधायला एक लोखंडी दांडा. हवा भरायचा पंप. ओले कपडे टांगायला खुंट्या. पावसाळ्यात दहा मिनिटांची सवलत. रस्त्यावर दिवे. पगारवाढ कुणीच मागितली नव्हती.

आता पारखायचे. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. शेवटी आलेल्या मजुरालाही पूर्ण रोजगार मिळाला, यावर आमची प्रवचने आजवर थांबत आली. या खेपेस तो दाखला वाचताना एका वेगळ्या ठिकाणी आम्ही अडखळलो. तो मालक कारभाऱ्याला पाठवत नाही. पहाटेपासून मावळतीपर्यंत पाच वेळा तो स्वतः चौकात जातो, मजूर कुठे उभे आहेत ते डोळ्यांनी पाहतो, त्यांच्याशी बोलतो. त्याची उदारता संध्याकाळी रोजगार वाटताना सुरू झाली नव्हती. ती पहाटे घराबाहेर पाऊल टाकले तेव्हाच सुरू झाली होती. आमच्या वसाहतीतील किती मालकांनी आपला कामगार कुठून, कसा येतो हे पाहिले असेल?

संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक लिहिले, त्यात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक कल्पना मांडली आहे. मजुरी हातावर ठेवणारा तो प्रत्यक्ष मालक. पण ज्यांच्या निर्णयांमुळे, नियमांमुळे, कारभारामुळे कामगाराची स्थिती घडते ते सारे अप्रत्यक्ष मालक, आणि जबाबदारी त्यांच्यावरही आहे. ठेकेदारीच्या या दिवसांत ही कल्पना किती उपयोगाची आहे! ठेकेदार म्हणतो, जागा कंपनीची. कंपनी म्हणते, माणूस ठेकेदाराचा. आणि रस्ता तर दोघांचाही नाही, तो औद्योगिक महामंडळाचा. असे सगळे हात वर झाले की सायकल फाटकाबाहेर चिखलातच राहते. परिपत्रकाचे सांगणे असे की त्या सायकलीचे उत्तर तिघांनीही द्यावे.

शिवाय आपल्या या भूमीचा एक प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, तेव्हा प्रदूषणाच्या यादीत तारापूरचे नाव सर्वांत वर आले. त्या हवेत धुराचा एक कणही न मिसळता कामावर येणारा माणूस म्हणजे हा सायकलवाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची काळजी आणि गरिबांची काळजी एकत्र गुंफली. आमच्या रस्त्यावर त्या दोन्ही काळज्या एकाच सायकलीवर बसून जाताना दिसतात. या माणसाला आपण शाबासकी देत नाही ते एक वेळ राहो. निदान त्याची सायकल तरी चिखलात ठेवू नये.

कृती करायची म्हणून आम्ही चौघे निघालो: एक निवृत्त फोरमन, ते वकील, महिला मंडळाच्या एक भगिनी आणि आम्ही. ज्या कारखानदारांकडे प्रथम गेलो ते सज्जन गृहस्थ. चहा दिला, यादी वाचली आणि एकेक अडचण सांगितली. आज सायकलींना जागा दिली तर उद्या आणखी काही मागतील. निम्मी माणसे ठेकेदाराची, त्यांची सोय आम्ही का करावी? शिवाय आत जागा कुठे आहे? आमच्या फोरमनसाहेबांनी शांतपणे उत्तर दिले: “साहेब, एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात.” कारखानदार हसले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “फादर, रागावू नका. मी मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला तुमच्या आवारात आलो होतो. तिथे मोटारींसाठी पत्र्याची शेड पाहिली. तुमच्या शिपायांच्या सायकली कुठे असतात?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. उत्तर आम्हांला ठाऊकच नव्हते. परतल्यावर पाहिले तर सायकली बदामाच्या झाडाखाली होत्या. आमचा स्वयंपाकी, माळी, शाळेचे दोन शिपाई आणि मिस्सासाठी पहाटे देऊळ उघडणारा मेस्त्री, अशा पाच जणांच्या पाच सायकली. पावसाने गंजलेल्या, वर बदामाची पिकली पाने पडलेली. मेस्त्री गेली अकरा वर्षे रोज पहाटे साडेचार किलोमीटर सायकल मारून येत होता आणि त्याच्या हातच्या घंटेने जाग येणाऱ्या आम्ही त्याला एकदाही विचारले नव्हते की बाबा रे, भिजतोस का? १ मेला, कामगार संत योसेफ यांच्या सणाला, आम्ही दरवर्षी श्रमाच्या प्रतिष्ठेवर प्रवचन करतो. ते प्रवचन ऐकायला आलेल्यांच्या मोटारी छपराखाली असत आणि आमच्या स्वतःच्या कामगारांच्या सायकली झाडाखाली. इतरांना पारखायला निघालेल्या आम्हांला त्या दिवशी प्रभूने बदामाच्या झाडाखाली उभे केले.

मग आधी आमच्या आवारात शेड झाली. सणाच्या मंडपाचे उरलेले लोखंडी पाइप होते, पत्रे एका श्रद्धावंताने दिले. धर्मग्राम समितीत एकाने विचारले की मोटारींनाच जागा अपुरी असताना हे कशाला? प्रश्न गैर नव्हता. पण मोटारी रविवारी एक तास येतात आणि या सायकली रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्या असतात, एवढे सांगितल्यावर विषय संपला. दोन दिवसांत काम झाले. पंप आणला, भिंतीत सहा खुंट्या ठोकल्या. मेस्त्रीने सायकल आत लावली, मागे सरून पाहिली आणि “फादर, आता हिला ऑइलिंग करून घेतो,” एवढेच तो म्हणाला. सायकलीला जागा मिळाली तशी ती निगा राखण्याजोगी वस्तू झाली.

त्यानंतर आम्ही त्या कारखानदारांकडे पुन्हा गेलो आणि त्यांना आपल्या आवारात येण्याचे निमंत्रण दिले. ते आले, पाहिले. चार महिन्यांनी त्यांनी फाटकाच्या आत चाळीस सायकलींची जागा केली, आणि तिथे ठेकेदाराच्या माणसांनाही मज्जाव केला नाही. पावसाळ्यात दहा मिनिटांची सवलत दिली. सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. दुसऱ्या एका कारखान्यात आम्हांला फाटकावरूनच परत पाठवले गेले. दिव्यांसाठी दिलेल्या अर्जाची पोच तेवढी मिळाली आहे. दिवे अजून लागायचे आहेत. आम्ही जात राहू.

मालकांशी बोलताना एक गोष्ट आम्ही शिकलो. दयेची याचना केली तर मालक खिशात हात घालतो, पण कारखान्यात काहीच बदलत नाही. म्हणून आम्ही त्यांच्याच हिशेबाच्या भाषेत बोलू लागलो. सायकलीने येणारा माणूस गाडी चुकली, रिक्षाचा संप झाला म्हणून अडकत नाही. त्याची सायकल सुरक्षित असेल तर त्याचे मन यंत्रावर राहते. कोरड्या कपड्यांतला माणूस कमी आजारी पडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने कपडे ठेवण्याच्या नि वाळवण्याच्या सोयीचा विचार केला होता. तेव्हा खुंटी मागणे ही काही नवी चैन नव्हे.

आणि मोठ्या उद्योगाला सायकलीचे वावडे असण्याचे कारण नाही. मराठी माणसाच्या उद्योगाचा इतिहास सायकलीपासूनच सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात जे दुकान थाटले ते सायकलींचे होते. त्याच घराण्याने पुढे लोखंडी नांगर घडवले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, जिथे कारखान्याबरोबर कामगारांची घरेही उभी राहिली. कामगार कामावर कुठून येतो याचा विचार कारखान्याच्या पायाभरणीतच होऊ शकतो, याचा हा आपल्या घरचा पुरावा आहे. बाहेरचा दाखला हवा असेल तर कार्डिन यांच्याच देशाकडे पाहावे. बेल्जियममध्ये २०२३ पासून खासगी नोकरीतील माणूस सायकलीने कामावर आला तर मालकाने दर किलोमीटरमागे त्याला ठरावीक भत्ता द्यायचा असतो. ही सोय ज्या दिवसापासून लागू झाली तो दिवस १ मे, संत योसेफ यांचा सण. आम्ही भत्ता मागत नाही. आम्ही छप्पर, दांडा आणि दिवा मागतो.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी कारखानदार थोडे असतील. परंतु मालक आपण पुष्कळ जण आहोत. कुणाचे वर्कशॉप आहे, कुणाचे दुकान, कुणाची वाडी. कुणाकडे बांधकामावर माणसे आहेत, कुणाच्या घरी धुणी-भांड्यांना बाई येते. त्यांतले कुणी ना कुणी सायकलीने येत असेल. ती सायकल कुठे उभी राहते, हे उद्या सकाळी बाहेर जाऊन एकदा पाहावे. मग त्या माणसाला विचारावे की किती दुरून येतोस, पावसात काय करतोस, परतताना अंधार होतो का. या प्रश्नांना पैसे पडत नाहीत. उत्तर ऐकल्यावर काय करायचे ते ज्याचे त्याला समजेल.

आमचा तो डहाणूकडचा तरुण पाच महिन्यांनी कामावर रुजू झाला. किंचित लंगडतो, पण सायकल चालवतो. आमच्या तरुण मंडळाने त्याच्या सायकलीला पुढे दिवा आणि मागे लाल काच बसवून दिली आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्री अकरानंतर आम्ही अजून खिडकीशी उभे राहतो. रस्त्यावरून तो लाल ठिपका सरकत जाताना दिसला की दिवसाची शेवटची प्रार्थना म्हणतो आणि झोपायला जातो. त्याच्या मागून अंधारात आणखी किती सायकली जातात, त्या दिसत नाहीत. फक्त त्यांच्या साखळ्यांची करकर ऐकू येते.